‘सार्थक’ फरक म्हणजे नेमका किती फरक?

प्रश्न असा आला आहे : “मी सोलापुरात समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करते. लघुप्रबंधासाठी दहावीच्या मुलामुलींची परीक्षेची चिंता हा विषय घेतला. एका गटाला समूह समुपदेशन दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. निष्कर्षात मी ‘दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक आढळला’ असं लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी ‘महत्त्वाचा’ खोडून ‘सार्थक’ केलं. मैत्रिणीच्या प्रबंधात त्याच जागी ‘लक्षणीय’ आहे आणि ग्रंथालयातल्या एका जुन्या प्रबंधात ‘अर्थपूर्ण’. हे तिन्ही शब्द एकच का? आणि ‘महत्त्वाचा’ लिहिलं तर काय बिघडलं?”

बाईंनी केलेली दुरुस्ती योग्य आहे. तिन्ही शब्द ‘सिग्निफिकंट’ या एकाच इंग्रजी संज्ञेसाठी वापरले जातात, तेव्हा प्रबंधापुरता त्यांचा अर्थ एकच. पण तिघांनाही प्रबंधाबाहेरचं आपापलं आयुष्य आहे, आणि वाचताना ते आयुष्य मध्ये येतं. गोंधळ होतो तो तिथे.

‘सार्थक’ आधी घेऊ. आपला जिल्हा पंढरपूरचा. वारीहून परतलेल्या माणसाच्या तोंडून ‘जन्माचं सार्थक झालं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलगी नोकरीला लागली की आईवडिलांच्या कष्टाचं सार्थक होतं. म्हणजे बोलीत हा शब्द बहुतेक वेळा नाम म्हणून येतो, ‘होणे’ किंवा ‘करणे’ या क्रियापदांबरोबर येतो, आणि त्यात कृतार्थता असते. संशोधनात तोच शब्द विशेषण होतो आणि त्याच्यातली सगळी कृतार्थता काढून घेतलेली असते. तिथे ‘सार्थक फरक’ याचा अर्थ एवढाच : गटांमध्ये मुळात काहीच फरक नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता आपण आधी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे. फरक चांगला की वाईट, मोठा की लहान, उपयोगाचा की बिनउपयोगाचा, याबद्दल हा शब्द काहीही सांगत नाही.

‘लक्षणीय’ची गोष्ट वेगळी. इंग्रजी संज्ञेच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘खूण’ असा आहे. आकड्यांतला फरक ही कसली तरी खूण आहे का, की नुसता योगायोग आहे, हा तो मूळ प्रश्न. आपल्याकडे ‘लक्षण’ म्हणजेही खूणच. तापाचं लक्षण, पावसाचं लक्षण. तेव्हा व्युत्पत्ती पाहिली तर ‘लक्षणीय’ हाच मुळाशी सर्वांत जवळचा शब्द ठरतो. पण वर्तमानपत्रांनी ‘उजनीच्या पाणीसाठ्यात लक्षणीय वाढ’ असं लिहून लिहून त्याला ‘डोळ्यांत भरण्याइतका मोठा’ हा अर्थ कायमचा चिकटवला आहे. मला हा शब्द मनापासून आवडतो, आणि तरीही प्रबंधात तो वापरू नका असंच सांगेन. वाचणारा त्यातून आकारच वाचतो.

‘अर्थपूर्ण’बद्दल फार लिहायला नको. बातम्यांमध्ये अधिकारी आणि ठेकेदार यांचे ‘अर्थपूर्ण संबंध’ म्हटलं की कोणता अर्थ अभिप्रेत असतो हे प्रत्येक मराठी वाचकाला कळतं. समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्या नात्यावरच्या प्रबंधात ‘अर्थपूर्ण सहसंबंध’ अशी शब्दयोजना नसलेलीच बरी.

राहतो ‘सार्थक’. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्राच्या मराठी प्रबंधांत तोच रुळला आहे, ‘सार्थकता स्तर’ (म्हणजे ती आधी ठरवलेली मर्यादा) ही जोडसंज्ञाही त्याच्यावरूनच झाली आहे, आणि अनेकांच्या हाताशी असलेल्या हिंदी पुस्तकांतही हाच शब्द भेटतो. तो घ्या. मात्र पहिल्यांदा येईल तिथे ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक’ असं पूर्ण लिहा आणि पुढेही स्तराचा आकडा सोडू नका. नुसतं ‘सार्थक फरक आढळला’ हे वाक्य अर्धवट आहे.

आता ‘महत्त्वाचा’ लिहिल्यानं काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, चिंतेच्या मोजपट्टीवर समुपदेशन मिळालेल्या गटाचं मध्यमान (सरासरी) ३८ आलं, न मिळालेल्या गटाचं ४२, आणि दोन्ही गटांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) ८ आहे. फरक ४ गुणांचा.

प्रत्येक गटात ३० मुलं असतील तर टी-मूल्य (फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा) येतं १.९४. स्वाधीनता मात्रा (दोन्ही गटांतली एकूण मुलं वजा २) ५८ असताना ०.०५ स्तरावरचं सारणी मूल्य, म्हणजे सार्थक ठरायला गाठावा लागणारा आकडा, आहे २.००. आपलं मूल्य थोडक्यात कमी पडलं, फरक सार्थक नाही.

आता तोच फरक, तेच विचलन, पण प्रत्येक गटात ६० मुलं. टी-मूल्य होतं २.७४. सारणी मूल्य १.९८. फरक सार्थक, आणि ०.०१ स्तरावरही सार्थक, कारण तिथलं सारणी मूल्य २.६२ आहे. मुलांच्या चिंतेत गुंजभरही बदल झालेला नाही. बदलली ती फक्त त्यांची संख्या.

आणखी पुढे जाऊ. प्रत्येक गटात ६०० मुलं घेतली आणि मध्यमानांत फक्त १ गुणाचा फरक निघाला. विचलन तेच, ८. टी-मूल्य २.१७, सारणी मूल्य १.९६. हा फरकही सार्थक! एका गुणाचा फरक. इथे ‘महत्त्वाचा फरक आढळला’ असं लिहिलं तर वाचणारी शाळा समजेल की मुलांची भीती बरीच ओसरली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ साली पी-मूल्याबद्दल, म्हणजे वर सांगितलेल्या योगायोगाच्या शक्यतेच्या आकड्याबद्दल, एक निवेदन काढलं होतं. पी-मूल्यावरून परिणाम केवढा आहे किंवा निष्कर्ष किती महत्त्वाचा आहे हे मोजता येत नाही, हा त्यातल्या तत्त्वांपैकी एक मुद्दा आहे. बाईंनी तुमचा शब्द खोडला तो याच कारणासाठी.

मग ‘केवढा’ हे सांगायला वेगळी संज्ञा लागते, आणि ती आहे ‘परिणामाचं आकारमान’. दोन गटांच्या तुलनेत तिचा सोपा हिशेब म्हणजे मध्यमानांतला फरक भागिले प्रमाण विचलन. वरच्या पहिल्या दोन्ही उदाहरणांत ४ भागिले ८, म्हणजे ०.५. तिसऱ्यात १ भागिले ८, म्हणजे ०.१२५. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी सुचवलेले ठोकताळे असे : ०.२ च्या आसपास लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. ते ठोकताळेच आहेत, नियम नव्हेत. हे कोहेन यांनीही बजावलं होतं. पण यामुळे एक गोष्ट स्वच्छ होते. ३० मुलांच्या अभ्यासात सार्थक न ठरलेला परिणाम मध्यम आकाराचा होता, आणि ६०० मुलांच्या अभ्यासात सार्थक ठरलेला परिणाम ‘लहान’ म्हणण्याच्याही खालचा.

इथे समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीकडे जरा लक्ष द्यावं असं मला फार वाटतं. सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी आई, दिवसभर विड्या वळून आलेली, मुलीला घेऊन समुपदेशकाकडे येते. चार-सहा बैठका झाल्यावर ती विचारते, “पोरीला फरक पडला का?” किंवा “गुण आला का?” तिच्या ‘फरक’ शब्दात आकार आहे, टिकाऊपणा आहे, मुलगी रात्री झोपते का, पेपरच्या दिवशी पोटात गोळा येतो का, हे सगळं आहे. आपल्या प्रबंधातला ‘फरक’ मात्र दोन मध्यमानांची वजाबाकी. शब्द एकच, पण आईचा प्रश्न एका मुलीबद्दल आहे आणि टी-चाचणीचं उत्तर गटाबद्दल. ‘सार्थक फरक आढळला’ हे त्या आईला दिलेलं उत्तर होऊच शकत नाही.

तिच्या प्रश्नाशी जुळणारी संकल्पनाही संशोधनात आहे. तिला मराठीत ‘उपचारदृष्ट्या महत्त्वाचा बदल’ म्हणता येईल, आणि ‘महत्त्वाचा’ हा तुमचा शब्द शोभतो तो इथे. नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. तिच्यावर साधारण ५ गुणांचा बदल झाला तर तो उपचारदृष्ट्या दखल घेण्याजोगा मानतात. हजारभर लोकांच्या सरासरीत एका गुणाचा बदल सार्थक ठरेलही, पण समोर बसलेल्या माणसाला त्यानं काही हलकं वाटेल असं नाही.

प्रश्नात नसलेली, पण याच परिच्छेदात हमखास येणारी आणखी एक शब्दयोजना आहे, तिच्याबद्दल बोलायलाच हवं. टी-मूल्य कमी आलं की आपल्याकडे ठरलेलं वाक्य लिहितात : ‘प्राप्त मूल्य सारणी मूल्यापेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.’ शून्य परिकल्पना म्हणजे ‘गटांत फरक नाही’ हे तपासायचं विधान. वरच्या वाक्यातला ‘स्वीकार’ मला खटकतो. न्यायालयात पुराव्याअभावी सुटका झाली म्हणजे त्या माणसानं काहीच केलं नाही हे सिद्ध झालं असं नव्हे. आरोप शाबित करता आला नाही, एवढंच. शून्य परिकल्पनेचंही तसंच आहे. ३० मुलांच्या उदाहरणात ‘फरक नाही’ हे आपण सिद्ध केलेलं नाही, फरक दाखवायला पुरावा अपुरा पडला. म्हणून ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही’ असं लिहावं. वाक्य थोडं लांब होतं, पण खरं राहतं. याच न्यायानं ‘सार्थक नाही’ याच्या जागी कुणी ‘निरर्थक’ लिहू नये. व्याकरणानं तो विरुद्धार्थी शब्द असेल. पण मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि तुम्ही दिलेल्या वेळेला तो निष्कारण मोडीत काढतो.

जाता जाता : ‘परिकल्पना’ आणि ‘गृहीतक’ हे शब्दही एकमेकांच्या जागी टाकू नका. जे तपासायचं ती परिकल्पना. जे न तपासता मान्य करून पुढे जायचं ते गृहीतक. जुन्या पुस्तकांत पहिल्यासाठी ‘गृहीतकृत्य’ही दिसतं, त्यानं घोटाळा वाढतो.

०.०५ या आकड्याबद्दलही पुष्कळांच्या मनात भाविकपणा असतो, जणू तो निसर्गानंच आखून दिला आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ पासून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. पिकांच्या वाफ्यांवरचे प्रयोग तपासताना वापरायच्या पद्धती त्यांनी १९२५ सालच्या पुस्तकात मांडल्या आणि विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. सोयीची, एवढंच. आपल्याकडे कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात ज्वारीच्या वाणांची तुलना करणाऱ्यांना हा हिशेब परका नाही. समुपदेशनात तो शेतातूनच आला. म्हणून पी-मूल्य ०.०४९ आलं की ‘सिद्ध झालं’ आणि ०.०५१ आलं की ‘काहीच नाही’ अशी भाषा करू नये. नेमकं पी-मूल्य छापावं. आणि ‘९५ टक्के खात्रीने फरक खरा आहे’ हे तर मुळीच लिहू नये. फरक खरा असण्याची शक्यता पी-मूल्य सांगतच नाही. फरक नाही असं धरूनच त्याचं गणित सुरू होतं.

शेवटचा मुद्दा एका प्रत्ययाचा. ‘समुपदेशनामुळे चिंता कमी झाली’ आणि ‘समुपदेशनानंतर चिंता कमी आढळली’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. ‘-मुळे’ म्हटलं की कार्यकारणाचा दावा झाला, आणि तो करायचा तर मुलांची दोन गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून किंवा तशाच रीतीनं झालेली हवी. एका शाळेचा वर्ग प्रायोगिक (समुपदेशन मिळालेला) गट आणि दुसऱ्या शाळेचा वर्ग नियंत्रित (न मिळालेला) गट असं केलं असेल, तर शाळा वेगळी, शिक्षक वेगळे, कदाचित एका वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं जास्त आणि प्रश्नावली मात्र मराठीत. मग फरक कशानं पडला हे ‘-मुळे’ लावून सांगता येत नाही. तुम्ही गट कसे पाडले हे प्रश्नात लिहिलेलं नाही, तेव्हा प्रत्यय तुम्हीच निवडा.

एवढं सगळं धरून, ६०-६० मुलांच्या उदाहरणासाठी मी निष्कर्ष असा लिहीन : ‘समूह समुपदेशनानंतर प्रायोगिक गटाचं परीक्षा-चिंतेचं मध्यमान (३८) नियंत्रित गटाच्या मध्यमानापेक्षा (४२) कमी आढळलं. हा फरक ०.०१ स्तरावर संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक आहे (टी = २.७४, स्वाधीनता मात्रा ११८). परिणामाचं आकारमान ०.५, म्हणजे मध्यम आहे.’ विद्यापीठाला प्रमाण मराठी हवी असेल तर ‘गटाचं’चं ‘गटाचे’ आणि ‘आढळलं’चं ‘आढळले’ करा. आकडे आणि ‘नंतर’ तसेच ठेवा.