सॉल्व्हंट बदलला की हॅलोजन बंध का दिसेनासा होतो?

तुमचा प्रश्न असा: पिरिडीनवालं (नायट्रोजन असलेली कडी जोडलेलं) कॅलिक्सअरीन, म्हणजे पेल्यासारखा रेणू, आणि डायआयोडोटेट्राफ्लुओरोबेंझिन (दोन आयोडीन, चार फ्लोरीनवालं बेंझिन) यांचे एकत्र स्फटिक क्लोरोफॉर्ममधून वाढवले तर आयोडीन–नायट्रोजन बंध, म्हणजेच हॅलोजन बंध, मिळतो, मिथेनॉल घातलं की मिळत नाही. मग हा बंध कमकुवत म्हणायचा का?

तसं नाही. कार्बन–आयोडीन बंधाच्या बरोबर पुढच्या टोकाला आयोडीनवर इलेक्ट्रॉन कमी पडलेली धन जागा असते, सिग्मा-होल. तुमच्या आयोडीनवाल्या रेणूत फ्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतात, त्यामुळे ती आणखी ठळक होते. नायट्रोजन सरळ समोरून येऊन तिथे लागतो, म्हणून कोन १८० अंशांजवळ आणि अंतर २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची बेरीज, म्हणजे बंध नसताना हे दोन अणू नुसते टेकले तर पडणारं अंतर, तर ३.५३ आहे. हा बंध चांगला दणकट आहे. पण मिथेनॉलचे रेणू चहूबाजूंनी असतात आणि आपल्या हायड्रोजनने तोच नायट्रोजन अडवून बसतात. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हा सॉल्व्हंट वापरलात तर उलट होतं, त्याचा ऑक्सिजन आयोडीनलाच धरतो.

म्हणून ध्रुवीय सॉल्व्हंट सगळेच वाईट, असं मात्र समजू नका. एकाच नायट्रोजनसाठी ओएचवाला रेणू आणि आयोडीनवाला रेणू भांडत असतील, तर ध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये बऱ्याचदा आयोडीनची सरशी होते, कारण सॉल्व्हंट त्या ओएचलाच गुंतवून ठेवतो. ॲसिटोनायट्राइल जरूर करून बघा.

दुसरी गोष्ट पोकळीची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. कॅलिक्सअरीनचा पेला स्फटिकात सहसा रिकामा राहत नाही, त्यात सॉल्व्हंट शिरतो. आतला रेणू बदलला की भिंती थोड्या कलतात, पिरिडीनचा हात सरकतो आणि आयोडीनला हवा असलेला सरळ कोन जुळतच नाही.

आम्ही गोव्यात काम करतो, त्यामुळे पावसाळ्याचं सांगतोच. ताळगावच्या पठारावर जुलैत कुपी उघडी ठेवली की मिथेनॉल, डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतात आणि पाणीही नायट्रोजनच्या मागे लागतं. कुपी सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, झाकणाला सुईचं एकच भोक पुरे. क्लोरोफॉर्ममधून वाढवलेले स्फटिक द्रावणातून काढून कोरडे ठेवले की आतला सॉल्व्हंट उडून पांढरे, अपारदर्शक पडू शकतात. थेट तेलात घ्या आणि थंड वायूच्या झोतात क्ष-किरणांनी मोजा. उरलेल्या नमुन्याची पावडर एक्सआरडी (भुकटीवरचं क्ष-किरण विवर्तन) काढून एकस्फटिकावरून काढलेल्या पॅटर्नशी ताडून बघा, नाहीतर एका देखण्या स्फटिकावरून अख्ख्या कुपीचा निष्कर्ष निघायचा.