कापडी पिशव्या नंतर, आधी तिकिटं बघा

जर्मनीची २० मुलं दहा दिवस म्हापशाला येणार, कार्यक्रम पर्यावरणपूरक करायचाय, कापडी पिशव्या ठरल्यात, पण पैसे देणारं कार्यालय सर्वांत स्वस्त तिकिटावर अडून बसलंय, असं तुम्ही लिहिलंय. नेमके इथेच आम्ही फसलो होतो. पिशव्यांचं राहू द्या, विमानाच्या धुरापुढे त्या काहीच नाहीत.

आमची चूक म्हणजे तीन कोटेशनं मागवली ती नुसत्या तिकिटाची. कार्यालयाने सर्वांत छोटा आकडा उचलला: वाटेत दोनदा विमान बदलायचं, शिवाय गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी अर्धी मुलं दाबोळीला, अर्धी मोपाला. तिकिटात वाचलं ते टॅक्सीत गेलं. विमान वर चढतानाच सर्वाधिक इंधन पितं, म्हणजे जितके थांबे तितका धूर जास्त. पण त्यांच्या फॉर्मात धुराचा रकानाच नाही! मंजुरीनंतर बदल करायला गेलात तर नुसते हेलपाटे. म्हणून अर्जातच दारापासून दारापर्यंतचा खर्च दाखवा: विमान, रेल्वे, टॅक्सी, मुक्काम, सगळं एका कागदावर.

माझं मत विचाराल तर थेट मुंबईला उतरवा आणि पुढे रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस. तुम्हाला थिवी स्टेशन जवळ. मडगावपर्यंत नेऊन मागे आणू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावं, म्हणजे चार तिकिटं. चौघांनी एकाच वेळी बसा. वेटिंगवर विसंबू नका, चार्ट लागेपर्यंत ई-तिकीट वेटिंगलाच राहिलं तर आपोआप रद्द होतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, गाड्या हळू. परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस हातात ठेवा. (रेल्वेचे नियम बदलतात, तेवढं तपासून घ्या.)

जागा बघायला आधी दोघंतिघं येणार असतील तर ती फेरी रद्द करा. व्हिडिओ कॉलवर खोल्या, संडास, स्वयंपाकघर सगळं दिसतं.

पाणी माणशी तीन लिटर धरा: रोज ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन जार. लिटरच्या बाटल्या आणल्यात तर रोज ६० रिकाम्या. ताटं स्टीलची, भाड्याने. केटरर 'इको' म्हणून कागदी ताटली पुढे करेल, ती फाडून बघा. कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा सुटला तर ते प्लास्टिक, खतात टाकू नका.