जागलीवर एकट्याने बसू नये

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझी चिठ्ठी तुझ्या आईने रविवारी उपासना सुटल्यावर माझ्या हातात दिली. घडी जशीच्या तशी होती, तिने उघडून पाहिली नव्हती. "गुरुजी, तीन रविवार झाले, घरी येतो पण चर्चचं नाव काढत नाही," एवढंच म्हणाली. मी चिठ्ठी घरी वाचली, मग वावरात नेऊन परत वाचली. हरभरा घाट्यावर आला आहे, त्यामुळे सध्या माझ्या रात्री जागलीला, पिकाची राखण करत, मचाणावरच जातात.

तू शेवटी विचारलं आहेस, चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष दिल्यावर पंधरा दिवसांत पडणारा माणूस खरा विश्वासी असतो का? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं तू धडधडत्या काळजाने वाचणार नाहीस. असतो. प्रभूचा शिष्य पेत्र तर, मरेन पण तुला सोडणार नाही असं म्हणाला, त्याच रात्री पडला.

आता तुझ्या जिनिंगचं, तिथे कापसाच्या गाड्यांचा ओलावा मोजून लिहायच्या तुझ्या कामाचं. मी कास्तकाराचा पोरगा आहे, ओलाव्याचं यंत्र काय चीज आहे ते मला माहीत आहे. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात, आणि 12 च्या वर आकडा गेला की गाडी परत. दिवाळीनंतरच्या कापसात पहाटेचं दंव असतंच. त्यात माल रात्रभर गाडीत दाबून भरलेला. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, बाहेरचा व्यापारी त्याहून कमी देतो, आणि परत गेलेल्या गाडीचं भाडं कास्तकाराच्याच बोडक्यावर. अशा वेळी 13 चा 11 करायला तुला फक्त एक पेन लागतो. त्या खुर्चीवर बसलेल्या पोराच्या मनावर केवढा भार येत असेल, हे मला कळतं.

व्यापारी आपला माल कास्तकारांचा म्हणून खपवायला दुसऱ्यांचे सातबारे घेऊन आला, पाचशेची नोट पुढे केली, तेव्हा तू नाही म्हणालास. खरंच छान केलंस. ते तू चर्चमध्ये उभं राहून सांगितलंस, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. पण बाळा, त्या दिवशी तुझ्या बोलण्यात 'मी' फार वेळा आला, आणि ते मला खटकलं होतं. मी त्याच संध्याकाळी तुझ्या घरी यायला हवं होतं. आलो नाही. तुझ्या पडण्यात माझ्या त्या आळसाचाही वाटा आहे, आणि त्याबद्दल मी प्रभूजवळ क्षमा मागितली आहे. तुझ्याजवळही मागतो.

मग ते म्हातारे कास्तकार आले. गाडी एकदा परत गेलेली, घरात आजारपण, डोळ्यांत पाणी. तू 11 लिहिलंस. तेव्हा पैशाचा विचारही तुझ्या मनात नव्हता, हे मी मानतो. त्यांनी जाताना तुझ्या शर्टाच्या खिशात तीनशे रुपये कोंबले आणि तू ते बाहेर काढले नाहीस. आठ दिवसांनी तोच व्यापारी आला, हसला, आणि या वेळी त्याला बोलावंही लागलं नाही.

हे वाचताना मला प्रभूला धरलं ती गेथशेमानेची बाग आठवली. शिपाई आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली. तो शूर होता, खोटं बोलत नव्हता. प्रभूसाठी मरायची त्याची तयारी होती. आणि त्याच रात्री शेकोटीजवळ एका दासीने सहज विचारलं, तूही त्याच्याबरोबर होतास ना? तिथे त्याच्याकडे काहीच नव्हतं. मी त्याला ओळखत नाही, असं तो तीनदा म्हणाला, आणि कोंबडा आरवला. तलवार शिपायांसाठी होती, दासीसाठी त्याने काही तयारीच केली नव्हती. तुझी तयारी व्यापाऱ्यासाठी होती. मोह म्हाताऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यातून येईल, दया होऊन येईल, हे तुझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

माझं सांगतो. हे तुझ्या आईला माहीत आहे, तुला कोणी सांगितलं नसेल.

माझी पहिली नोकरी वर्धा नदीच्या अलीकडे, यवतमाळच्या बाजूच्या गावात होती. पलीकडे वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे संध्याकाळ झाली की पूल ओलांडून सायकली आमच्या बाजूला यायच्या आणि रात्री झोकांड्या खात परत जायच्या. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून त्या माणसांना उपदेश करायचो. कायद्याने नदीच्या एका काठावर दुकानं बंद केली, पण तहान नदी ओलांडून येते, असं मी त्यांना सांगायचो. बोलणं खरं होतं. मी दारूच्या थेंबाला शिवलो नव्हतो आणि आजही नाही. मंडळीत माझा मान होता, म्हणून मला खजिनदार केलं.

त्या वर्षी मृगाचा पाऊस आला, आम्ही पेरलं, आणि मग वीस दिवस आभाळ कोरडं. उगवलेलं करपलं. दुबार पेरणीला बियाणं घ्यायला घरात पैसा नव्हता, आणि सुगीच्या सणाचं अर्पण माझ्या घरी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होतं. तो डबा उघडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. झाकण गंजलेलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. कापूस निघाला की ठेवून देऊ, असं स्वतःला सांगितलं. चोरी हा शब्द मनात आलाच नाही, कारण चोरी करणारी माणसं वेगळी असतात, झोकांड्या खाणारी वगैरे, असं मी धरून चाललो होतो. पहिल्या वेचणीचा पैसा सावकाराकडे गेला. दुसऱ्या वेचणीचा घरात. डबा रिकामाच राहिला, आणि मी दर रविवारी पुढे बसून प्रार्थना चालवत राहिलो.

सगळ्यात वाईट काळ पैसे घेतल्यानंतरचा होता. गुडघे टेकले की डबा दिसायचा. मग मी गुडघे टेकणं कमी केलं. मला वाटायचं, आधी पैसे भरून टाकू, मग स्वच्छ तोंडाने देवाजवळ जाऊ. तू लिहिलं आहेस ना, 'थोडा नीट झालो की येतो', अगदी तेच. बाळा, त्या वाक्यात मला माझा जुना अहंकार ऐकू येतो. व्यापाऱ्याला नाही म्हणताना जो 'मी' होता, तोच आता तोंड लपवून बसला आहे. त्याला अजूनही स्वतःच्याच जोरावर स्वच्छ व्हायचं आहे.

शेवटी माझ्या बायकोनेच डबा पाहिला. ती ओरडली नाही. ती म्हणाली, चला, आत्ता पाळकांकडे जाऊ. रात्रीचे नऊ वाजले होते. मी पंचांसमोर सांगितलं, खजिनदारपद गेलं, पगारातून सहा महिने पैसे फेडले. पुढचं वर्षभर मी मागच्या चटईवर दाराजवळ बसलो. दूर उभा राहून, वर पाहायलाही न धजता छाती बडवणारा, 'देवा, मज पाप्यावर दया कर' म्हणणारा प्रभूच्या दाखल्यातला जकातदार मी शाळेच्या पोरांना किती वेळा शिकवला होता. त्या चटईवर बसून पहिल्यांदा त्याच्या प्रार्थनेला माझा आवाज लागला.

ज्ञान असून, बाप्तिस्मा असून, सेवा असून हे शिकायचं राहून जातं. पंडिता रमाबाईंना 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईला हे जगासमोर बोलायला लाज वाटली नाही. 1896-97 च्या दुष्काळात आपल्या या मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना पुण्याकडच्या केडगावला नेऊन पोसणाऱ्या रमाबाई त्याच. एवढं काम अंगावर घेण्याचं बळ त्यांना कुठून मिळालं, याचा विचार करताना मला त्यांची ती कबुली आठवते.

तू लिहिलंस की आता तू आणखी कडक निश्चय करणार आहेस, वहीत शपथ लिहिणार आहेस. लिही हवं तर. पण तू जागलीला बसलेला पोरगा आहेस, तेव्हा तुला वेगळंच सांगतो. डुक्कर वावरात शिरलं तर आपण काय करतो? त्याच्याशी कुस्ती खेळायला कोणी खाली उतरत नाही. जो उतरतो त्याची मांडी फाटते. आपण डबा बडवतो, बॅटरी मारतो, आणि शेजारच्या वावरातल्याला हाळी देतो. तो त्याच्या मचाणावरून ओरडतो, त्याच्या पलीकडचाही ओरडतो, आणि कळप धुरा ओलांडून नाल्याकडे पळतो. तुझ्या बापाने मला अशा किती हाका दिल्या आणि मी त्याला किती दिल्या, हिशेब नाही. हाक मारणाऱ्याला आमच्यात कोणी भित्रा म्हटलं नाही. जो म्हणायचा, 'मी एकटा पुरेसा आहे', त्याचाच हरभरा सकाळी उकरलेला असायचा.

गेथशेमानेत प्रभूनेसुद्धा तिघांना म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. देवाचा पुत्र, आणि त्या रात्री त्याला सोबत हवी होती. पेत्र तिथे झोपला. तलवार, दासी, कोंबडा हे सगळं त्या झोपेनंतरचं आहे. आणि झोपेच्याही आधीचं एक आहे, जे मला फार धीर देतं. प्रभू त्याला जेवणाच्या वेळीच म्हणाला होता की सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. म्हणजे पेत्र पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना झालेली होती. तू खिशात हात घालून ते तीनशे रुपये चाचपत होतास, तेव्हाही कोणीतरी तुझ्यासाठी स्वर्गातल्या बापाजवळ बोलत होता.

म्हातारपणी त्याच पेत्राने मंडळ्यांना पत्र लिहिलं. नम्रतेचा कमरबंद बांधा, असं त्यात आहे, आणि दोन-तीन ओळींवर गर्जणाऱ्या सिंहाची गोष्ट आहे. सिंहापुढे कमरेला तलवार बांधा, असं त्याने लिहिलं नाही. तलवारीचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. याकोबाच्या पत्रातही क्रम असाच आहे. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. मी तरुणपणी दुसरं वाक्य पाठ केलं होतं, पहिलं नाही.

देवावर अवलंबून राहणं म्हणजे हात बांधून बसणं, असं कोणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. आपण कोरडवाहू माणसं. नांगरटी, वखरणी, पेरणी, सगळं आपण करतो, आणि तरी पाऊस आपल्या हातात नाही हे आपल्याला दर जूनमध्ये कळतं. तसंच हे आहे. म्हणून काही कामं सांगतो, ती कर.

यंत्राचा आकडा मोठ्याने वाच. हमालाला, कास्तकाराला, मागच्या गाडीवाल्याला ऐकू जाईल असा वाच, आणि मगच लिही. मनातल्या मनात वाचलेला आकडा बदलतो, चारचौघांत ओरडलेला बदलत नाही. पहिले दोन दिवस तुला अवघडल्यासारखं होईल. व्यापारी एकांतात बोलावू लागला तर उठून हमालांच्या घोळक्यात जाऊन उभा राहा. मालकाच्या बायकोने मोहात ओढलं तेव्हा योसेफ पोटीफरच्या घरातून अंगरखा टाकून पळाला, त्याने तिथे उभं राहून वाद घातला नाही. आणि गाडी समोर येऊन उभी राहील तेव्हा लांब प्रार्थना सुचणार नाही. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस', एवढं पुरे. ही प्रभूनेच शिकवलेली ओळ आहे. यात 'मला परीक्षा दे, मी पास होतो' असं कुठेही नाही, हे जरा नीट पाहा.

म्हाताऱ्यांचे तीनशे रुपये त्यांना परत दे. त्यांच्या गावी जा, अंगणात बस, चहा दिला तर घे. व्यापाऱ्याचे पैसे त्याच्या हातात ठेव आणि कारण सांगून ये. तो हसेल. जिनिंगच्या मालकालाही सांगावं लागेल, आणि त्यात नोकरी जाऊ शकते, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. ती गेली तर तुझ्या आईच्या चुलीचा प्रश्न आहे, म्हणून त्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन. मालकासमोर तू एकटा उभा राहणार नाहीस. चर्चमध्ये मात्र इतक्यात उभं राहून काही सांगू नकोस. आधी मागच्या चटईवर ये. दाराजवळची जागा मोकळीच असते, तिथून बाहेरचं लिंबाचं झाड दिसतं.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ये. घरी टेकून लगेच वावरात ये, मी मचाणावर असेन. घोंगड्या दोन आहेत. तुझ्या बापाचं वावर यंदा पडीक आहे, त्यामुळे त्या बाजूने हाळीला ओ द्यायला कोणी नाही, आणि रोही, म्हणजे नीलगायी, नेमके तिकडूनच येतात. येताना बसस्टँडवरून बॅटरीचे दोन मोठे सेल घेऊन ये, माझे उतरत आले आहेत.

तुझा,
गुरुजी