मुलगी सहावीत आहे, गाणं शिकलेली नाही. शाळेच्या समूहगीत संघासाठी नाव द्यावं का? तयारी कशी करून घ्यावी, आणि सरावामुळे अभ्यास मागे पडेल का?

द्या नाव. गाण्याचा क्लास नाही म्हणताय, ते तर फारच बरं.

हे वाचून आमच्या ताईचं डोकं फिरणार आहे. फिरू दे. हा वाद आमच्या घरात ती आठवीत आणि मी सहावीत असल्यापासून चालू आहे आणि तुम्ही नेमकं सहावीतल्या मुलीचं विचारलंत, म्हणून लिहायला बसले.

आम्ही मूळचे मिरजेचे. गावात सतारमेकरांची गल्ली आहे, दुकानांत सतारीला लागणाऱ्या भोपळ्यांचे ढीग लागलेले असतात. दर्ग्याच्या उरुसात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीसाठी गाण्याच्या बैठका होतात, मोठमोठे लोक येऊन हजेरी लावून जातात. अशा गावात गाणं म्हणजे तानपुरा जुळवून एकट्याने गायचं ते. शाळेतलं समूहगीत म्हणजे पंधरा ऑगस्टचा कालवा, त्यानंतर गोळ्या वाटतात म्हणून सहन करायचा. आमचे आप्पा स्वतः गात नसत, पण बैठकीत पुढे बसून मान डोलावणाऱ्यांपैकी होते आणि त्यांची सगळी भिस्त ताईवर होती. आठवीत तिची गाण्याची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा झालेली, तीही पहिल्या वर्गात. मला क्लासला घातलंच नव्हतं. एका घरात एक पुरे, असा हिशोब.

शाळेत संगीत शिक्षक नव्हते. गणिताच्या बाईंना पेटी यायची, म्हणून समूहगीत त्यांच्याकडे. त्यांची निवड करायची रीत तुम्हाला सांगते, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. "एखादं गाणं म्हणून दाखव" असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. पेटीवर एक सूर धरायच्या आणि म्हणायच्या, "लाव." मग दुसरा, थोडा वरचा. मग शेजारी दुसरी मुलगी उभी करायच्या, दोघींना एकच सूर लावायला सांगायच्या, आणि मला म्हणाल्या होत्या, "आता तिच्या आवाजात तुझा आवाज ऐकू येईनासा कर." मला तेव्हा कळलं नाही, पण केलं. हळू गायचं नव्हतं. तिच्या आवाजाचा अंदाज घेऊन, 'आ' तिच्याएवढाच उघडून, तिच्याबरोबर सूर सोडायचा होता. तो जमला आणि मी आत गेले. गाणं कुणी विचारलंच नाही.

ताई अर्थातच संघात होती, आणि मधोमध. गाणं हिंदी होतं, देशभक्तीपर, दोन अंतरे, दुसऱ्या अंतऱ्यात वर जाणारी एक ओळ. ताईची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या सुराला 'सा' धरून ती गायची तो सूर, काळी पाच. तिला त्या पट्टीत ती वरची ओळ लीलया यायची. बाकीच्या आम्ही तिथे पोचलो की माना वर, डोळे मोठे आणि आवाज चिरका. बाईंनी पट्टी काळी चारवर आणली, तरी दोघीतिघी ओरडतच होत्या, म्हणून शेवटी पांढरी पाच. म्हणजे दीड स्वर खाली. ताईला हा अपमान वाटला. एकटीने गायचं तर पट्टी आपल्या गळ्याची, समूहात ती जिचा गळा सगळ्यांत कमी चढतो तिची, एवढी साधी गोष्ट आहे. पण जिने चार वर्षं "तुझा आवाज कुठे खुलतो ते शोध" हेच ऐकलंय तिला ते पटत नाही. तिथून ती खालच्या पट्टीत कंटाळून गायला लागली आणि कंटाळा घालवायला जागा, म्हणजे सुरांची बारीक नक्षी, घ्यायला लागली. ध्रुवपदाच्या शेवटी एक मुरकी. दुसऱ्या दिवशी अंतऱ्यात एक. सुंदर असायच्या, खोटं कशाला बोलू. पण मुरकी घ्यायला वेळ लागतो, आणि तोवर तबल्यावरचा दहावीतला मुलगा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पुढे गेलेला असायचा. निम्म्या मुली त्याच्याबरोबर, निम्म्या ताईबरोबर.

बाईंनी दोनतीनदा सांगितलं. ताई "हो बाई" म्हणायची आणि घ्यायची. स्पर्धा तोंडावर आली तेव्हा बाईंनी तिला संघातून काढली.

मग घरी जे झालं ते झालं. आप्पा शाळेत गेले नाहीत, बाईच संध्याकाळी घरी आल्या. चहा झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात. आप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, जिला गाता येतं तिला काढलीत आणि हिला ठेवलीत?"

बाई म्हणाल्या, "ती गायला लागली की बाकीच्या ऐकत राहतात. गायचं विसरतात हो."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलंच आहे. पण मग त्यांची एसटीची तिकिटं काढून त्यांना सांगलीला कशाला न्यायचं?"

आप्पांना उत्तर सुचलं नाही, त्यांनी विषय पावसाकडे नेला. ताई त्या रात्री जेवली नाही. आम्ही सांगलीला गेलो, उसन्या परकर-पोलक्यांत, दोन माइकपुढे अर्धवर्तुळात उभ्या राहिलो आणि दुसरा नंबर आला. ढाल नाही, पेला मिळाला. तेव्हापासून ताईचं एकच वाक्य: मी असते तर पहिला आला असता.

नसता आला. आज जाहीर सांगते. परीक्षक सूर आणि ताल बघतात, उच्चार बघतात, आणि सगळ्यांचा मिळून आवाज एक लागतो का ते बघतात. आमच्यात सुराला कुणी फार मोठी नव्हती. पण ओळ संपली की सगळ्यांचा शेवटचा 'त' एकदम पडायचा, कारण बाईंनी तो आठवडाभर घोटून घेतला होता, पेटी बंद ठेवून, नुसते शब्द, टाळ्यांवर. दहा मुलींनी 'स' दहा वेगवेगळ्या वेळी सोडला तर सभागृहात नुसती फुसफुस ऐकू येते, हे तुम्ही कुठल्याही शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलं असेल. श्वासही वाटून दिले होते. लांब ओळीत पहिल्या रांगेने कुठे घ्यायचा, मागच्या रांगेने कुठे, म्हणजे ओळ कुठेच तुटत नाही. एकट्या गाणाऱ्याला हे कुणी शिकवत नाही, त्याला गरजच नसते.

ताई आता कोल्हापुरात क्लास चालवते. उत्तम शिकवते. पण परीक्षेच्या वर्षी मुलींना शाळेच्या समूहगीतात जाऊ देत नाही, "गळा बिघडतो, सवयी लागतात" म्हणते. गेल्या गणपतीत यावरूनच जुंपली. आरतीला आम्ही वीसेक माणसं, आणि ही शेवटच्या ओळीवर आलाप घेत उभी. सगळे हात जोडून थांबलेले, कापूर विझला, पोरं प्रसादाच्या ताटाकडे बघतायत. मी म्हटलं, बघ, हेच. ती म्हणाली, खऱ्या गाण्याला घोळका लागत नाही.

आता ताई, तुझ्या भिंतीवर जी प्रमाणपत्रं आहेत ती अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची. ते मंडळ १९३१ साली कुणाच्या शिष्यांनी काढलं? विष्णु दिगंबर पलुस्करांच्या. ते शिकले कुठे? आपल्याच मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, गुरूपुढे बसून. आणि मग १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी काय केलं? गाणं वर्गात आणलं. एका खोलीत पुष्कळ मुलं, समोर स्वरलिपी, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. घोळकाच तो. वसंत देसाई एवढे मोठे संगीतकार, १९७१ च्या 'गुड्डी'तली त्यांची प्रार्थना आजही देशभरातल्या शाळांत पोरं एका आवाजात म्हणतात, आणि त्या चालीत मुद्दाम एकही अवघड जागा नाही. ती साधी ठेवायला अक्कल लागते. बंगालात १९५८ मध्ये कलकत्ता यूथ क्वायर उभा राहिला, सलील चौधरींसारखा संगीतकार त्यामागे होता. हे सगळे लोक गाण्यातले अडाणी होते का?

असो. तुमच्या मुलीकडे येते.

निवडीसाठी नवं गाणं पाठ करून घेऊ नका. टीव्हीवरच्या स्पर्धेतलं तर मुळीच नको, त्यातल्या हरकती मुलं आधी उचलतात आणि सूर मागे राहतो. राष्ट्रगीत तिला येतंच. फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही फुकट अॅप लावा, पांढरी पाच किंवा काळी चार ठेवा, आणि तिला ते नीट, न ओरडता म्हणू द्या. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून बघा, बहुतेक मुलं घाईत लवकर संपवतात. लय पळते का, ते तिथेच कळतं. २०२३ पासून राज्यगीतही शाळांत म्हणतात, तेही चालेल. मग तुम्ही शेजारी बसून तिच्याबरोबर म्हणा. तुम्ही बेसूर असाल तर आणखी चांगलं, तुमच्या नादाने ती घसरते की धरून राहते ते बघा. धरून राहिली तर निवड झालीच समजा. घसरली तर एक कान बोटाने अर्धवट झाकून म्हणायला सांगा, स्वतःचा आवाज आतून ऐकू येतो. रोज दहा मिनिटं पुरे.

निवड झाल्यावर काय करावं लागतं, तर मुख्य म्हणजे वेळेवर जावं लागतं. एक मुलगी उशिरा आली की सगळ्या बसून राहतात. बाकी त्यांचे सर किंवा बाई सांगतील. भारत विकास परिषदेच्या समूहगीत स्पर्धेला जाणार असतील (ही १९६७ पासून चालू आहे) तर हिंदी आणि संस्कृत गीतं असतात, शब्द जड असतात. अर्थ घरी समजावून द्या. अर्थ न कळता म्हटलेलं संस्कृत ऐकवत नाही, पोरं शब्द नको तिथे तोडतात.

अभ्यासाचं विचारलंत. सहावीत काय एवढा अभ्यास असतो हो? स्पर्धेच्या आधीचे थोडे दिवस दमून येईल, गृहपाठ राहील. राहू दे.

आता एक गोष्ट ताईच्या बाजूने लिहायला हवी, नाहीतर ती उद्या फोन करून तीच ऐकवेल. गळा बिघडतो हे सपशेल खोटं नाही. समूहात आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून मुलं ताणून गातात, आणि "मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे" म्हणून ओरडायला लावणारे शिक्षक खूप आहेत. सरावानंतर मुलीचा आवाज रोज बसत असेल, घसा दुखत असेल, तर जाऊन बोला. पट्टी खाली घ्या म्हणून सांगा. मुलांचा आवाज या वयात फुटतो, जवळजवळ एक सप्तक खाली जातो. त्या काळात त्यांना वरची ओळ द्यायची नसते. मुलींचाही बदलतो, थोडासाच, मध्ये काही महिने नुसती हवा आल्यासारखा लागतो. सहावी-सातवीत तसं झालं तर घाबरू नका आणि नावही काढू नका. आणि पुढे तिला खरंच गोडी लागली तर क्लासला जरूर घाला. मी क्लासच्या विरुद्ध नाही. ताईकडेच पाठवा हवं तर, कोल्हापुरात असाल तर.

नाव काढायचं ते एकाच कारणासाठी. काही शाळांत संख्या दिसावी म्हणून मुलं उभी करतात आणि "तू फक्त तोंड हलव" असं सांगतात. तुमच्या मुलीला कुणी तसं म्हणालं तर त्याच दिवशी बाहेर काढा आणि खो-खोत घाला. तिथे निदान सगळ्यांना पळावं तरी लागतं.