सिंगापूरची सहल आणि पॉलिसीवरचं कर्ज

प्रश्न : नमस्कार सर. उदगीरला माझं कृषी सेवा केंद्र आहे, वय 44. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलीला सोळावं चालू आहे, यंदा दहावी. जूनपासून लातूरला अकरावी, नीटचे क्लास आणि होस्टेल, वर्षाला सव्वादोन लाख. त्याआधी एप्रिलमध्ये तिला घेऊन चार रात्री फिरून यायचं आहे. कॅसिनो असलेलंच हॉटेल हवं. सिंगापूरचं मरिना बे सँड्स (750 डॉलर++), सेंटोसाचं रिसॉर्ट्स वर्ल्ड (450 डॉलर++) की गोव्यातलं पंचतारांकित? मित्राने गोव्यात एका रात्रीत 40 हजार काढले होते, थोडं खेळलो तर हॉटेलचा खर्च निघेल. पैशाची अडचण नाही. मुलीच्या नावाने 2019 पासून वर्षाला 1 लाख 20 हजारांची पॉलिसी आहे, तिच्यावर चार लाख कर्ज मिळतंय. एजंट म्हणतात व्याज नाममात्र. पुढच्या शिक्षणाचीही चिंता नाही, पॉलिसीचे 28 लाख येणार आहेत. पॉलिसीचे कागद आणि कर्जांचा तपशील सोबत जोडला आहे. कोणतं हॉटेल घ्यावं?

उत्तर : हॉटेलचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे.

सिंगापूर असो, गोवा असो, कॅसिनोत प्रवेशाचं वय 21 आहे. मुलगी दारातूनच परत. म्हणजे तुम्ही दोघं आत आणि ती खोलीत मोबाइल घेऊन, नाहीतर एक जण आत आणि दोघी बाहेर. सहल तिच्यासाठी आहे म्हणता आणि जास्तीचे पैसे मोजता ते ती जिथे पाऊल ठेवू शकत नाही त्या मजल्याचे.

दरापुढे ती दोन अधिकची चिन्हं आहेत, त्यांचा अर्थ 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 9 टक्के जीएसटी वेगळा. 750 चे झाले 900 डॉलर. सिंगापूरच्या डॉलरला 70 रुपये धरले तर एका रात्रीचे 63 हजार, चार रात्रींचे अडीच लाख. सेंटोसाचे 450 म्हणजे 540, रात्रीला 38 हजार. शिवाय बहुतेक हॉटेलं 12 वर्षांपुढच्या मुलाला मोठ्यांत धरतात. त्यामुळे खोलीत तिघांना परवानगी आहे का, तिसऱ्या पलंगाचे किती आणि नाश्ता तिघांचा आहे की दोघांचा, हे बुकिंगआधी लेखी विचारायचं. चेक-इनला कार्डावर अनामत अडकवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढी रक्कम खात्यातून जाते आणि परत यायला बरेच दिवस लागतात.

मरिना बे सँड्समध्ये राहणाऱ्यालाच मिळते अशी मोठी गोष्ट म्हणजे 57 व्या मजल्यावरचा तलाव. बाकी दिव्यांचा शो आणि पलीकडच्या गार्डन्स बाय द बेमधल्या उंच कृत्रिम झाडांची रोषणाई संध्याकाळी कुणालाही फुकट दिसते. सेंटोसात युनिव्हर्सल स्टुडिओज, वॉटरपार्क आणि मत्स्यालय आहे, सोळा वर्षांच्या मुलीला तिथे दोन दिवस कमी पडतील. पण त्यांची तिकिटं तिथल्या हॉटेलात न राहताही मिळतात. लिटल इंडियात 180 डॉलरची स्वच्छ खोली घेतलीत, तर कर धरून रात्रीचे 15 हजार, खाली शाकाहारी जेवण आणि जवळच मेट्रो. विमान हैदराबादहून बघा, उदगीरकरांना मुंबईपेक्षा तेच सोयीचं. आणि तंबाखूची पुडी बॅगेत नको. सिंगापूरमध्ये खायची तंबाखू नेणं गुन्हा आहे. या पुडीकडे पुन्हा येतो.

आता मित्राचे 40 हजार. तो ज्या रात्री हरला त्या रात्रींचा हिशोब त्याने तुम्हाला दिलेला नाही. रूलेटच्या एका शून्याच्या चाकावर 37 घरं असतात आणि एका आकड्यावर लागलं तर मिळतात 35 पट. तो फरक, म्हणजे 2.7 टक्के, कॅसिनोचा. दोन शून्यांच्या चाकावर तो 5.26 टक्के होतो. पाचशेचा डाव, तासाला चाळीस, तीन तास बसलात तर 60 हजार फिरवले. सरासरीने 1,600 ते 3,150 गेले, वर चढउतार वेगळे. गोव्यात त्याच्याही आधी 40 टक्के जीएसटी आहे, तोही चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, घेतानाच, जिंकण्याआधी. दहा हजार दिलेत तर त्यात साधारण सात हजारांचा खेळ. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि उपकर, हरलेलं त्यातून वजा होत नाही. पॅकेजमधल्या ‘फुकट’ चिप्स बहुधा फक्त खेळायच्या असतात, काउंटरवर त्यांचे पैसे मिळत नाहीत. हॉटेलचा खर्च असा निघत नसतो.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. तुमच्या कागदांत याहून महाग चूक आहे.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘विमित व्यक्ती’ या रकान्यात मुलीचं नाव आहे. विमा तिच्या जिवाचा उतरवलाय, 12 लाखांचा. घर चालतं ते तुमच्या आणि पत्नीच्या कमाईवर. तिच्या जाण्याने घरातलं एकही देणं थकणार नाही. तुमच्या जाण्याने दुकानाचं 15 लाखांचं कॅश क्रेडिट कर्ज, घराच्या कर्जाचे 18 लाख, होस्टेल, क्लास आणि हीच पॉलिसी, सगळं एका शिक्षिकेच्या पगारावर येईल. आई-वडिलांच्या मागे पुढचे हप्ते माफ होण्याचं जोडकलम असतं, तेही यात घेतलेलं नाही, मी दोनदा पाहिलं. तुमच्या स्वतःच्या जिवावर विमा आहे दहा लाखांचा, तोही बँकेने कर्जासोबत चिकटवलेला.

दुसरं, मुदत. 15 वर्षांची पॉलिसी, हप्ते पहिली दहा वर्षं, ऑक्टोबर 2034 ला पैसे. मुलगी बारावी होऊन नीट देणार 2028 ला. सगळं मनासारखं झालं तर 2034 ला ती डॉक्टर होऊन बाहेर पडलेली असेल. प्रवेशाची फी 2028 ला भरायची आणि पैसा 2034 ला यायचा, याला शिक्षणाची सोय म्हणत नाहीत. विकणाऱ्याने मुलीचं वय विचारलं असेल, बारावीचं साल मोजलेलं दिसत नाही.

तिसरं, ते 28 लाख. हा आकडा कागदाच्या मागे निळ्या पेनाने लिहिलाय. छापील तक्त्यात तो कुठेच नाही. तक्त्यात दोन रकाने आहेत : 4 टक्के गृहीत धरून साडेपंधरा लाख आणि 8 टक्के गृहीत धरून साडेतेवीस. हे टक्के कंपनीच्या गुंतवणुकीवरच्या परताव्याचे. खर्च आणि कमिशन वजा होऊन तुमच्या हाती येतं ते त्याहून कमी. मी 20 लाख धरतो, म्हणजे वर्षाला 5 टक्के. पेनाने लिहिलेल्या आकड्याला कंपनी बांधील नसते.

आणि आता तुम्ही त्याच पॉलिसीवर सहल काढताय. कर्जाच्या अर्जात व्याज साडेनऊ टक्के आहे आणि ते दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिसळतं. हप्ता भरायची सक्ती नाही, म्हणून कुणी भरत नाही, आणि ‘नाममात्र’ म्हणतात ते एवढ्यावरच. 4 लाखांचे 2034 पर्यंत 8 लाख 80 हजार होतात. वीस लाखांतून ते वजा, उरले सव्वाअकरा. तुम्ही हप्त्यांपोटी भरणार 12 लाख. पंधरा वर्षांनी स्वतः भरलेलेही पूर्ण हाती नाहीत. एखादा हप्ता चुकला आणि कर्ज व्याजासकट सरेंडर किमतीच्या, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेच्या, वर गेलं, तर कंपनी पॉलिसी बंद करून आपलं वसूल करून घेते. अशा पॉलिसींत मूल 18 वर्षांचं झालं की मालकी बहुधा त्याच्या नावावर जाते. तुमच्या कागदात ती तारीख 2028 ची आहे. म्हणजे ज्या वर्षी ती नीट देईल, त्याच वर्षी तिच्या नावावर पॉलिसी चढेल आणि तुमच्या सहलीचं कर्जही.

मग मोडून टाकायची का? इथे बरेच जण रागाच्या भरात दुसरी चूक करतात. कंपनीचं पत्र सांगतं की आज सरेंडर केली तर 5 लाख 25 हजार मिळतील. भरलेत 8 लाख 40 हजार, 3 लाख 15 हजारांचं नुकसान झालेलंच आहे. पण ते पाठीमागचं. पुढचं बघा : आज हातात येणारे सव्वापाच लाख आणि राहिलेले तीन हप्ते, एवढं घालून 2034 ला 20 लाख आले, तर इथून पुढचा परतावा पावणेअकरा टक्के पडतो. अगदी साडेपंधरा लाखच आले तरी सव्वासात, पीपीएफच्या जोडीचा. विमा रक्कम हप्त्याच्या दहापट आहे, म्हणून मुदतीचे पैसे करमुक्तही. घेतली तेव्हा वाईट होती, आज मोडणं त्याहून वाईट. ऑक्टोबर 2026, 2027 आणि 2028 चे हप्ते भरा आणि विसरून जा. पुढे तिला पदव्युत्तर शिक्षणाला उपयोगी पडेल. मात्र एमबीबीएसच्या हिशोबात तिचा एक रुपया धरू नका. तोच एजंट ‘ही बंद करून नवीन घ्या’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता तुमच्या जिवाचा विमा. दीड कोटीचा, 60 व्या वर्षापर्यंतचा, साधा टर्म प्लॅन. मुदतीअंती काही परत मिळणारा नको, त्यासाठी तुमच्याकडूनच जादा हप्ता घेतात. तुमच्या वयाला, तंबाखू न खाणाऱ्याला, हप्ता वर्षाला 30 ते 45 हजारांच्या आसपास. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही. आणि ती पुडी : खात असाल तर अर्जात ‘हो’ लिहा. हप्ता दीडपट किंवा जास्त होईल, होऊ द्या. ‘नाही’ लिहिलंत आणि लघवीच्या तपासणीत कोटिनिन, म्हणजे तंबाखूची खूण, निघालं, तर अर्ज तिथेच अडकतो. तपासणीतून निसटलात तरी पहिली तीन वर्षं माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येतो. एजंट अर्ज भरत असेल तर सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाचा.

दुकानदाराने आणखी एक कागद विसरायचा नसतो. विमा अर्जासोबतच विवाहित स्त्री संपत्ती कायदा, 1874 खालचं परिशिष्ट भरा, लाभार्थी पत्नी आणि मुलगी. एरवी दाव्याच्या पैशावर कर्ज देणाऱ्यांचा डोळा असतो. हे परिशिष्ट असलं की तो पैसा कॅश क्रेडिटच्या वसुलीत ओढता येत नाही. पॉलिसी निघाल्यावर हे जोडता येत नाही, म्हणून अर्जाच्या दिवशीच. पत्नीच्या नावावरही 50 लाखांचा वेगळा घ्या, तिच्या पगारावरही घर उभं आहे.

2028 च्या फीसाठी दोन वर्षंच आहेत. एवढ्या कमी मुदतीत शेअर बाजार नको, कुणी 15 टक्के म्हणो की 18. महिन्याला 20 हजारांची आवर्ती ठेव घाला, व्याजासकट पाच लाखांवर जातील. सरकारी महाविद्यालय मिळालं तर सुरुवातीला पुरतील. खासगीत गेली तर शैक्षणिक कर्ज घ्यावंच लागेल, त्यावेळी तुमच्या नावावर दुसरं कर्ज जितकं कमी तितकं बरं.

यंदाच्या सहलीचं बजेट 70 हजार, आणि ते बचत खात्यातून. गोवा, तीन रात्री, कॅसिनो नसलेलं, तलाव असलेलं हॉटेल. खोलीचा दर 7,500 च्या आत ठेवा, तिथपर्यंत जीएसटी 5 टक्के आहे, पुढे 18. 7,400 ची खोली 7,770 ला पडते आणि 7,600 ची जवळपास 9 हजारांना. दोनशे रुपयांसाठी बाराशे. रद्द केलं तर पैसे परत, असाच दर घ्या, थोडा महाग असला तरी. गाडीने सोलापूर, विजयपूर, बेळगाव, चोर्ला घाट असं जाताना बेळगावला मुक्काम करा. सोलापूरहून गोव्याचं विमानही सुरू झालंय, वेळा जमल्या तर एक दिवस वाचेल. कॅसिनो बघायचाच असेल तर एक संध्याकाळ मांडवीतल्या बोटीवर एकट्याने जा, प्रवेश धरून पाच हजार रोख, कार्ड पत्नीकडे. तेवढा वेळ मायलेकी मिरामारला असतील.

मेच्या दुसऱ्या आठवड्याआधी परत या. मृगाच्या आधी बियाणं आणि खताचा माल भरायला तुम्हाला रोख लागणार आणि ती उधारी सोयाबीन निघेपर्यंत परत येत नाही. सिंगापूर नीटनंतर, 2028 च्या पावसाळ्यात. तोवर महिन्याला आठ हजार बाजूला टाकलेत, तर लिटल इंडियात राहून, एक दिवस युनिव्हर्सलचा धरूनही, बिनकर्जाने जमेल.

कर्जाचा अर्ज शाखेत दिला असेल तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी पत्र देऊन रद्द करा, पोच घ्या आणि मूळ पॉलिसी बाँड परत ताब्यात घ्या. कर्जासाठी तो कंपनीच्या नावे करून देतात, आणि एकदा आत गेलेला बाँड शोधायला शाखेला महिनाही लागतो.