"मशीन ओढून फेकलं तर काय करू?"

लहान मुलाला कानाचं मशीन बसवायचं ठरलं की जवळजवळ प्रत्येक आई मला हेच विचारते. मध्यंतरी आलेल्या ताईंची मुलगी अडीच वर्षांची, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, आठवड्याने मोल्डचं, म्हणजे मशीनच्या कानात बसणाऱ्या भागाचं, माप आणि त्यानंतर मशीन. ताई म्हणाल्या, "मॅडम हिच्या डोक्यावर साधी टोपी टिकत नाही, मशीन कसलं ठेवतेय! रोज जवळ घेऊन समजावते, पण ऐकतच नाही." बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. मग रडल्या थोडा वेळ, मीही मध्ये बोलले नाही.

पण गोची नेमकी तिथेच असते बघा. जिच्यापर्यंत शब्दच अर्धेमुर्धे पोचतायत तिला शब्दांनी कसं तयार करणार? तिला दाखवायला लागतं. म्हणून मी त्यांना सांगितलं की समजावणं पूर्ण बंद करा आणि आठवडाभर फक्त कानाशी खेळा. अंघोळीनंतर कान पुसताना दोन मिनिटं जास्त, कानामागे बोट फिरवायचं, कानाची पाळी हलकेच ओढायची, मग तिला तुमच्या कानाला तेच करू द्यायचं. टेडीच्या कानामागे क्लेचं छोटं मशीन चिकटवायचं, बाबांच्याही चिकटवायचं. (कानाच्या आत मात्र काहीही घालायचं नाही, खेळातसुद्धा नाही.)

माप कसं घेतात हे त्यांनाच माहीत नव्हतं, त्यामुळे अर्धी भीती आईचीच होती. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, आधी कानात बघतात, दोरा बांधलेला इवलासा स्पंज आत ठेवतात, वर मऊ गार पेस्ट भरतात, ती काही मिनिटांत घट्ट झाली की अलगद काढतात. दुखत नाही, पण गार लागतं आणि कान बंद झाल्यासारखा वाटतो, मुलं दचकतात ती त्याला. मापाच्या दिवशी एका कानाला मुलगी रडली, दुसऱ्या कानाच्या वेळी बाबांच्या मांडीवर बसून टेडीचा कान दाबत बसली. मला तेवढं पुरे होतं.

मशीन लावायच्या दिवशी घरच्यांनी मोबाईल तयार ठेवला होता, पोरगी आता हसणार म्हणून. मी आधीच सांगून ठेवलेलं की तसं होईलच असं नाही, काही मुलं गप्प होतात, काही घाबरून रडतात. ही नुसती थिजली. मग आईने पर्सची चेन उघडली तशी मान वळली, आणि पुढची दहा मिनिटं ती चेन उघड-बंद, उघड-बंद. व्हिडिओ कोणी काढलाच नाही, सगळे चेनकडेच बघत होते.

आता मूळ प्रश्न, ओढून काढलं तर. काढणारच हो, हात आहेत तिला! आपण न ओरडता, न हसता परत लावायचं, लगेच हातात काहीतरी खेळायला द्यायचं. ओरडलात किंवा मागे धावलात की तो खेळ होतो. सुरुवातीला घरात शांतता असताना, रोज थोडं थोडं वाढवत जायचं, झोप आणि अंघोळ सोडून जागेपणी सगळा वेळ इथपर्यंत पोचायचंय, कारण बोलणं दिवसभर कानावर पडूनच येतं. मशीनला बांधलेल्या दोरीची क्लिप कपड्याला लावा, म्हणजे फेकलं तरी हरवत नाही. आणि सेलच्या झाकणाला लॉक हवंच, वापरलेले सेलसुद्धा हाताला लागता कामा नयेत, गिळला असा नुसता संशय आला तरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन, "उजवं ठेवते, डावं सारखं बुटात टाकते, हट्टीपणा नुसता." मी म्हटलं आधी कान बघा. कानाच्या खोलगट भागात लाल झालेलं, मोल्डची कड टोचत होती. ती घासून घेतली आणि बुटातलं प्रकरण संपलं. पोर हट्टी आहे असं आपण फार पटकन ठरवतो, मीसुद्धा. मुलं वाढतात तसा मोल्ड सैल होऊन मशीन शिट्टी मारायला लागतं, तेव्हाही काढतात, मग नवीन मोल्ड करायचा.

परवा आली तेव्हा दोन्ही मशीनं जागेवर होती, वरून केस मात्र मुद्दाम पुढे घेऊन पिना लावलेल्या. मी पिनांकडे बघितलं, ताईंनी माझ्याकडे. "अजून जमत नाहीये मॅडम," म्हणाल्या. पुढची अपॉइंटमेंट मुलीशिवाय, फक्त त्यांची ठेवलीये.