नाशिकमध्ये रात्री बारानंतर कुटुंबासह जेवायला हॉटेल कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ठाण्याहून गाडीनं निघणार आहात. बरोबर सत्तरीतली आई आणि सहा वर्षांची मुलगी. नाशिकला पोहोचायला बारा-साडेबारा होतील, मुक्काम पंचवटीत, सकाळी त्र्यंबकेश्वर. आई शाकाहारी. तेवढ्या रात्री कुठे जेवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते आणि त्यानंतर बाहेर जेवणं हा आमच्या लोकांचा नेहमीचाच भाग. नावं मुद्दाम देत नाही, कारण रात्रीच्या वेळा महिन्या-दोन महिन्यांत बदलतात. आज मी सांगितलेलं हॉटेल तुम्ही याल तेव्हा साडेदहालाच शटर ओढत असेल. त्यापेक्षा कुठेही उपयोगी पडेल ते सांगतो.

हॉटेल कुणासाठी उघडं आहे, ते आधी बघा. कॉलेज रोड, गंगापूर रोडची हॉटेलं रात्री साडेआठला उत्तमच असतात, पण त्यांची खरी गर्दी तेव्हाचीच. बाराला तिथे एखादं उघडं सापडलंच, तर तुमच्या ताटात साडेआठच्या गर्दीतलं उरलेलं येण्याची शक्यता जास्त. याउलट बसस्थानकाजवळ, मोठ्या दवाखान्यांच्या आसपास किंवा हायवेला काही जागा अशा आहेत की त्यांचं गिऱ्हाईकच अकरानंतर सुरू होतं. शिफ्ट सुटलेले कामगार, पेशंटजवळ बसलेले नातेवाईक, उशिराच्या एसटीनं उतरलेले लोक, ट्रकवाले. या लोकांची जेवायची वेळच ती, म्हणून कढई त्यांच्यासाठी नव्यानं चढते. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक)-ठक्कर बाजार, मुंबई नाका, द्वारका, आडगाव नाका, पाथर्डी फाटा या भागात असं शोधा. नाशिकरोड स्टेशनजवळही मिळतं, पण ते पंचवटीपासून नऊ-दहा किलोमीटर लांब, तुमच्या काही कामाचं नाही. आणि पंचवटीतली रामकुंडाच्या बाजूची थाळीची हॉटेलं भाविकांवर चालतात, ती लवकर आवरतात. मुक्कामाच्या जवळच काहीतरी मिळेल या भरवशावर राहू नका.

एक कायद्याची गोष्ट इथे कामाला येते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनानं ते पुन्हा स्पष्टही केलं. पण दारू मिळते त्या जागांना ही मुभा नाही. आपल्याकडे रात्री चालणाऱ्या कितीतरी हॉटेलांवर 'फॅमिली रेस्टॉरंट आणि परमिट रूम' अशीच पाटी असते. तिथे उशिरा गेलात तर सगळं किचन बारच्या ऑर्डरींत गुंतलेलं असतं, बंद करायची घाई असते आणि तुमची साधी डाळ-चपाती सगळ्यात शेवटी येते. लहान मूल झोपेला आलेलं असताना हे नको. बार नसलेलं, साधं, ट्यूबलाइटच्या उजेडातलं शाकाहारी हॉटेल त्या वेळी जास्त भरवशाचं.

आता ऑर्डर काय द्यायची. माझ्या मते हॉटेल निवडण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

पनीरच्या भाज्या टाळा. पनीर टिक्का मसाला, पनीर हंडी, पनीर कोल्हापुरी ही नावं वेगळी असली तरी किचनमध्ये लाल, पिवळी आणि पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ही दुपारीच करून ठेवलेल्या असतात आणि त्यांतूनच सगळं निघतं. पांढरी काजू-मगजाची (मगज म्हणजे सोललेल्या खरबुजाच्या बिया), ती सगळ्यात लवकर बिघडते. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवायचा, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम. मधल्या तापमानात दुपारपासून ओट्यावर बसलेल्या पातेल्याचं काय होत असेल, ते तुम्हीच बघा.

दाल खिचडी सगळ्यांना सुरक्षित वाटते. आजारी माणसालाही आपण तीच देतो. पण हॉटेलातली खिचडी बहुतेक वेळा कुकरमधून येत नाही. संध्याकाळी शिजवलेला भात आणि तयार डाळ कढईत एकत्र करतात, वरून लसूण-मिरचीची फोडणी, झालं. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरिअस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून सरळ विचारा, "कुकर लावून द्याल का? आम्ही वीस-पंचवीस मिनिटं थांबतो." लावतो म्हणाले आणि आतून शिट्टी ऐकू आली तर आईंना आणि मुलीला निर्धास्त खाऊ द्या. "पाच मिनिटांत देतो" म्हणाले तर दुसरं काहीतरी मागवा.

दुसरं म्हणजे पिठलं. बेसन भिजवून, फोडणी करून दहा मिनिटांत होतं, साठवून ठेवायची गरजच नसते. भाकरी मात्र धरून चालू नका. भाकरी करणाऱ्या मावशी दहा-साडेदहाला घरी गेलेल्या असतात. तेव्हा रोटी, आणि तीही तंदूर चालू असेल तरच. कोळशाचा तंदूर एकदा विझवला की पुन्हा तापायला पाऊण तास सहज लागतो, तुमच्या चार रोट्यांसाठी तो कुणी पेटवणार नाही. म्हणून आत शिरल्याबरोबर पहिला प्रश्न "तंदूर चालू आहे का?" हाच विचारा. चालू असेल तर किचन जागं आहे असं समजा. बंद असेल तर तव्यावरची चपाती आणि पिठलं. मोठ्यांना तिखट चालत असेल तर शेवभाजीही बरी, कारण रस्सा उकळूनच येतो आणि शेव शेवटी पडते. चिरून ठेवलेला कांदा-काकडी आणि हिरवी चटणी बाजूला सारा. कांदा हवा असेल तर अख्खा मागा, देतात. पाणी सीलबंद बाटलीचं.

तुम्ही स्वतः अंडं खात असाल तर रात्रीचं सगळ्यात ताजं खाणं भुर्जीच्या गाडीवर मिळतं, हे मी मनापासून सांगतो. कांदा तुमच्यासमोर चिरला जातो, ट्रेमधून अंडी उचलून तव्याच्या कडेवर फोडली जातात, उलथन्याचा खडखडाट होतो आणि त्याच तव्यावर पाव बटर लावून दाबला जातो. लपवायला काही जागाच नाही. पण आईंना बसायला नीट खुर्ची नसते, पोलिसांची गाडी फिरली की गाड्या आवरतात, म्हणून कुटुंबासह मी तो बेत करणार नाही.

गूगलवरच्या वेळांवर विसंबू नका, त्या मालकानं कधीतरी भरलेल्या असतात. निघण्याआधी दोन-तीन नंबर काढून ठेवा आणि रात्री दहानंतर फोन करा. तेव्हा "हॉटेल चालू आहे का" विचारलंत तर हो म्हणतील, कारण काउंटर चालूच असतं. "किचन किती वाजेपर्यंत चालू आहे" असं विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर नाशिकमध्ये जेवायचंच ठेवलं नसतं. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यामुळे कसारा घाट टाळून, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट इगतपुरीला उतरता येतं. इगतपुरी-घोटी पट्ट्यात तुम्ही अकरा-सव्वाअकराला याल आणि तिथली हॉटेलं रात्रीच्या वाहतुकीवरच जगतात. फक्त खासगी बसेसची रांग असेल तिथे थांबू नका. तिथली गर्दी चवीमुळे नसते, गाडीवाल्यांचं हॉटेलशी ठरलेलं असतं. ट्रक आणि एमएच-१५ च्या गाड्या उभ्या असतील तिथे थांबा. एमएच-१५ म्हणजे नाशिकची पासिंग, म्हणजे घर तासाभरावर असूनही लोक तिथे जेवायला थांबलेत. आईंसाठी टॉयलेट कसं आहे ते ऑर्डर द्यायच्या आधी एकदा बघून या.

घोटी हुकलं तर पाथर्डी फाट्याच्या आधीपासूनच सर्व्हिस रोड धरा. उड्डाणपुलावर चढलात की मुंबई नाका, द्वारका सगळं खाली राहतं आणि तुम्ही उपाशीच आडगावच्या दिशेला उतरता.

मुलीला मात्र बारापर्यंत थांबवू नका. तिचा दहीभात किंवा पोळीचा रोल घरून घ्या आणि आठ-साडेआठला गाडीतच भरवा. आणि पंचवटीतल्या लॉजवर संध्याकाळीच फोन करून ठेवा. त्यांचं स्वतःचं किचन असेल तर दोन माणसांची खिचडी किती वाजेपर्यंत मिळेल ते विचारा, नसेल तर निदान गरम पाणी आणि दूध ठेवायला सांगा.